सुप्त की गुप्त?

प्रश्न असा आला आहे: एचआयव्हीच्या 'लेटंट इन्फेक्शन'ला 'गुप्त संसर्ग' म्हणावं की 'सुप्त'? आणि त्याच्याच जोडीने येणाऱ्या 'इम्यून चेकपॉइंट'ला 'तपासणी नाका' चालेल का?

पहिल्याचं उत्तर सुप्त. मूळ लॅटिन धातूचा अर्थ 'दडून असणं', म्हणजे व्युत्पत्ती 'गुप्त'च्या बाजूची, हे कबूल. पण मराठीत रोगाला 'गुप्त' चिकटला की 'गुप्तरोग'च ऐकू येतो, आणि एचआयव्हीच्या बाबतीत तर हमखास. शिवाय हे नुसतं लपणं नाही. विषाणू आपला जनुकीय मजकूर सीडी४ टी-पेशीच्या (प्रतिकारशक्तीच्या एका पांढऱ्या पेशीच्या) डीएनएत जोडून टाकतो. पेशी निवांत झाली की तो वाचलाच जात नाही, नवे विषाणू बनत नाहीत, आणि एचआयव्हीविरोधी गोळ्यांना अडवायला काही उरत नाही. गोळ्या बंद केल्या की बहुतेकांत काही आठवड्यांतच विषाणू रक्तात परत दिसतो. शाळेतली 'अप्रकट उष्मा' (लेटंट हीट) आठवून कुणी 'अप्रकट' सुचवेल. चुकीचा नाही, पण जो झोपलाय तोच जागा होतो. अप्रकटाला ती सोय नाही.

मात्र संसर्गानंतरच्या बिनलक्षणांच्या वर्षांना 'सुप्तावस्था' म्हणू नका. उपचार नसतील तर त्या काळात विषाणू लसिकाग्रंथींत जोमाने वाढत असतो. झोपलेला असतो तो रोगी, विषाणू नव्हे!

आता चेकपॉइंट. नाक्यावर कागद बघून सोडतात किंवा अडवतात. ज्यांना चेकपॉइंट म्हणतात ते पीडी-१, सीटीएलए-४ हे टी-पेशीच्या पृष्ठभागावरचे रेणू तसलं काही करत नाहीत, ते पेशीचा आवेश आवरतात. म्हणून मी 'लगाम-रेणू' म्हणेन. 'नाका' घेतला तर 'चेकपॉइंट इनहिबिटर'चा, म्हणजे या रेणूंना रोखणाऱ्या औषधाचा, 'नाका-रोधक' होतो, आणि कोण कुणाला अडवतंय तेच कळेनासं होतं. 'लगाम सैल करणारं औषध' लांबलचक खरं, पण एका वाचनात समजतं. याच लगामांवरच्या कामासाठी अ‍ॅलिसन आणि होंजो या शास्त्रज्ञांना २०१८चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा वृत्तपत्रांनीही 'ब्रेक' हाच शब्द जवळ केला होता.

दोन्ही शब्द एका वाक्यात घालून बघा: 'ज्या टी-पेशींवर पीडी-१चा लगाम असतो त्यांत सुप्त विषाणू जास्त सापडतो, कारण पेशीला आवरणारा लगाम विषाणूलाही निजवून ठेवतो.' इथे 'गुप्त' आणि 'नाका' घालून वाचलंत तर 'कारण'नंतरचं काहीच लागत नाही.