गावातल्या जुन्या गोष्टी, ओव्या गोळा करायच्या आहेत, पण म्हातारी माणसं "आम्हाला काही येत नाही" म्हणतात. सुरुवात कशी करू?

ती माणसं तुम्हाला टाळत नाहीत. समोर बसून "एखादी जुनी गोष्ट सांगा ना" म्हटलं की त्या घडीला त्यांना खरोखरच काही आठवत नाही, कारण त्यांच्याकडे गोष्ट अशी सुटी नसतेच. ओवी जात्याशी बांधलेली, कहाणी श्रावणातल्या वाराशी, देवाची कथा यात्रेच्या वाटेशी. त्यामुळे गोष्ट मागू नका. ती जिथं आणि ज्या वेळी सांगितली जायची, तिथं त्या वेळी जाऊन बसा. मी बरीच वर्षं पुरंदर-बारामती भागात हे काम करतेय आणि तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडे मुख्य हेच आहे.

ओव्यांचंच बघा. घरोघरी दळण गिरणीत जायला लागलं आणि पहाटे जात्यावर बसायचं कारणच संपलं. पण लग्नात हळद दळायला जातं अजून निघतं. शेजारच्या गावातल्या एक मावशी मला कायम "आता कुठल्या ओव्या, गेलं ते समदं" म्हणायच्या. नातीच्या लग्नात माळ्यावरचं जातं खाली काढलं, खुंटा ठोकून घट्ट केला, सवाष्णींचे हात लागून झाले. बाकीच्या उठल्या तशा मावशी सरकून जात्यापाशी बसल्या. उरलेली हळद संपवायची म्हणून एका हातानं खुंटा धरला, दुसऱ्या हातानं वैरण, म्हणजे दळायच्या हळदीची मूठ, टाकू लागल्या, आणि दोन-चार फेऱ्यांतच आवाज लागला. आधी देवाच्या ओव्या, मग आईच्या, मग भावाच्या, मग पंढरीच्या. मधे थांबवून "ही ओळ पुन्हा म्हणा" म्हटलं असतं तर सगळंच अडलं असतं. जातं फिरतं तोवर पुढची ओळ आपसूक येते. समजले नाहीत ते शब्द नंतर चहा घेताना विचारावेत. आणि फोन जमिनीवर ठेवू नका, जात्याची घरघर शब्द गिळून टाकते. गोधडीची घडी करून तिच्यावर, जरा लांब ठेवा.

गाणाऱ्या प्रत्येक बाईला पहिलं विचारायचं ते माहेर. बहुतेक ओव्या तिनं लग्नाआधी आईकडून, आत्याकडून, चुलतीकडून उचललेल्या असतात. बारामतीच्या गावात बसून तुम्ही ऐकत असता ती माणदेशातली ओवी. माहेर लिहिलं नाही तर "आमच्या गावच्या ओव्या" म्हणून जे छापाल ते निम्मं चुकीचं असेल.

हे काम नीट कसं होतं हे पाहायचं असेल तर हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांचा जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह आधी बघा. गावोगावच्या कार्यकर्त्या बायांना बरोबर घेऊन त्यांनी १ लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि त्यातल्या कितीतरी आता पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर गाणारणीच्या नावागावासकट वाचता-ऐकता येतात. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या त्यातच आहेत. त्या ऐकल्यावर कळतं की एकाच आळीत बसून गाव कळत नाही. पाटलाच्या वाड्यात, बौद्धवस्तीत, मातंगवस्तीत, रामोशी आळीत एकाच देवळाची कथा वेगवेगळी ऐकायला मिळते. देव पहिल्यांदा कुणाला सापडला, पहिला मान कुणाचा, तो कुणाकडून गेला, या प्रश्नांची उत्तरं आळी बदलली की बदलतात. खरी कुठली हे ठरवायला बसू नका. सगळ्या लिहा, आणि कुठली कुठं ऐकली तेही लिहा. माझ्या मते संग्रहातला सगळ्यात मोलाचा भाग हाच असतो, आणि लोक नेमका हाच गाळतात.

देवांच्या कथांना गावाची शीव नसते. आमच्या पुरंदरमधल्या वीर गावच्या म्हस्कोबाची कथा सुरू होते ती थेट धाराशिव जिल्ह्यातल्या सोनारीच्या भैरवनाथापासून. कमळाजी या धनगर भक्तासाठी देव तिथून इकडे आला असं सांगतात. या कथा धनगरांच्या ओव्यांमधून ऐकाव्यात. गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकानं त्या ऐकण्यात आणि ध्वनिमुद्रित करण्यात आयुष्यातली कितीतरी वर्षं घातली. धनगरी ओवीत थोडा भाग गातात आणि मग तोच भाग बोलून खुलवून सांगतात. गाणं थांबलं की रेकॉर्डिंग बंद करणारे खूप जण पाहिलेत. निम्मी कथा तिथंच जाते. आणि वेळ साधायची तर पावसाळ्यात जा. आमच्या भागातले बरेच मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, ते पावसाच्या तोंडावर परततात. बाकी गावासाठी मात्र पेरणी आणि सुगी सोडूनच जावं. कामाच्या दिवसांत कुणाला तुमच्यासाठी वेळ नसतो.

दगडांकडेही जा. मारुतीच्या देवळामागं किंवा वेशीबाहेर शेंदूर फासलेले उभे दगड असतात, त्यांत बऱ्याचदा वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, असतो. तो खालून वर वाचायचा. तळाला लढाई किंवा मेलेला वीर, काही ठिकाणी शेजारी गाई, म्हणजे गुरं सोडवताना पडलेला. त्याच्या वर अप्सरा त्याला नेताहेत. सगळ्यात वर तो शिवलिंगापाशी बसलाय, माथ्यावर चंद्र-सूर्य. गावकरी त्यालाच म्हसोबा म्हणत असतील. त्यांना दुरुस्त करू नका. नारळ कुठल्या दिवशी फोडतात, कुठल्या घरचा मान, नैवेद्य काय, एवढं विचारा. तेवढ्यानं आजूबाजूची चार माणसं जमतात आणि कथा चालू होते.

लिहिताना भाषा धुऊ नका. "व्हता", "न्हाई", "म्या" जसं ऐकलं तसंच. सोबत सांगणाऱ्याचं नाव, वय, गाव, माहेर, कुणाकडून ऐकलं, कुठल्या निमित्तानं सांगितलं आणि तारीख. हे त्याच रात्री उतरवा, आठवड्यानं आवाजांची सरमिसळ होते. ध्वनिफितीची एक प्रत फोनबाहेर हवीच.

नेटवर टाकणार असाल तर आधी सांगा, आणि नाव द्यायचं का ते त्यांनाच ठरवू द्या. भाऊबंदकी, करणी, कुणाच्या घरातली जुनी भानगड असंही बोलण्यात येतं आणि "हे लिहू नको बाई" असंही म्हणतात. मग ते लिहायचं नाही. घरच्यांना त्यांच्या आजीच्या आवाजाची फीत पेन ड्राइव्हवर नाहीतर व्हॉट्सॲपवर जरूर द्या. पुढच्या खेपेला मुलं, सुना स्वतःहून बोलावतात.

तुमचा तालुका कोणता आणि गावची यात्रा कुठल्या महिन्यात असते ते खाली लिहा. तुमच्याकडे आधी कुणाला गाठावं ते त्यावरून सांगता येईल.