पोस्टर नंतर, आधी मतदार यादी

प्रश्न: मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्षभर वर्ग प्रतिनिधी होते. आता विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्षपदासाठी उभं राहायचंय. मतदानाला पाच आठवडे आहेत. मैत्रिणी म्हणतात, पोस्टर आणि रील्सवर जोर दे. घरचे म्हणतात, वर्ष वाया जाईल.

उत्तर: घरच्यांची शंका आधी घेऊ, कारण ती रास्त आहे. अध्यक्षपदाचं वर्ष म्हणजे तुझं शेवटचं वर्ष: प्रकल्प, मुलाखती, सगळं एकदम. मागच्या दोन अध्यक्षांना गाठून आठवड्याला किती तास जात होते ते विचार आणि ते तास तुझ्या वेळापत्रकात मांडून बघ. बसत नसतील तर सचिवपद किंवा विभाग प्रतिनिधीपद लढव. त्यात कमीपणा नाही. मुलाखतीत नुसत्या पदाला कोणी विचारत नाही, पदावर असताना काय केलंस ते विचारतात.

लढायचं ठरलं तर संघटनेची घटना आणि निवडणूक नियमावली हातात पेन घेऊन वाच. चांगल्या उमेदवाराचा अर्ज छाननीत उडतो तो फुटकळ कारणांनी: सूचकाचं, म्हणजे तुझं नाव सुचवून सही करणाऱ्याचं, नाव मतदार यादीत एक आणि अर्जावर दुसरं, ओळखपत्राचा क्रमांक चुकलेला, किंवा त्याच माणसानं दुसऱ्याच्याही अर्जावर सही ठोकलेली. २० सह्या लागत असतील आणि नियमात बसत असेल तर २५ घे. प्रत्येक नाव यादीशी ताडून बघ. अर्ज आदल्या दिवशी दे आणि पोच घे.

आता गणित. समज, ४,००० मतदार आहेत आणि मतदान ३० टक्के झालं. म्हणजे १,२०० मतं. तिघं रिंगणात असतील तर ४८०-४००-३२० असाही निकाल लागू शकतो. तेव्हा तुझं काम पाचेकशे जणांना मतदान केंद्रापर्यंत आणण्याचं. वहीत विभागवार नावं लिही, पुढे तीन रकाने: नक्की, डळमळीत, विरोधात. तोंडावर ‘तुलाच मत’ म्हणणारे सगळे येत नाहीत, म्हणून ‘नक्की’मध्ये ७०० तरी नावं हवीत. मतदानाच्या दिवशी दुपारी याच वहीवरून फोन सुरू करायचे. संध्याकाळच्या वर्गांकडे सहसा कुणी उमेदवार फिरकत नाही, तू जा.

मोजणी पसंतीक्रमानं असेल, म्हणजे मतदार उमेदवारांना पहिली, दुसरी अशी पसंती देत असतील, तर तळाचा उमेदवार बाद होऊन त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती इतरांकडे जाते. अशा वेळी प्रतिस्पर्ध्यांच्या गटाशी वाद नको. ‘पहिली त्याला देणार असशील तर दुसरी मला दे’ असं सरळ मागता येतं.

जाहीरनाम्यात तीनच मुद्दे ठेव. प्रत्येकापुढे लिही: निर्णय कुणाच्या हातात, पैसे कुठून, किती महिन्यांत. ‘फी कमी करू’ हे अध्यक्षाच्या हातात नसतं. ‘परीक्षेआधी तीन आठवडे ग्रंथालय रात्री ११ पर्यंत’ हे मागता येतं, पण आधी ग्रंथपालांना भेट. बऱ्याचदा अडतं ते रात्रपाळीच्या माणसावर.

रील्स करा हवं तर. मात्र खर्चाची वही पहिल्या दिवसापासून ठेव. फुकट छापून मिळालेली पत्रकंही काही ठिकाणी बाजारभावानं खर्चात धरतात.

मतमोजणीला प्रतिनिधी म्हणून जिवलग मैत्रीण नको, थंड डोक्याचं कुणीतरी पाठव. बाद मतावरची हरकत तिथेच, त्याच वेळी, लेखी द्यायची.