ठसे पॅरिससारखे, पण डबी बहुधा हानाऊची

आजोबांच्या संग्रहातली निळ्या मिन्याची ती लांबट सोन्याची तपकिरीची डबी एका विक्रेत्याने 'पॅरिस, १७८०' म्हणून सांगितली आणि दुसऱ्याने स्विस, असं तुम्ही लिहिलंय. फोटो पाहून मला ती हानाऊची वाटते. तसं असेल तर तिला कमी लेखू नका, कारण या गावाची ओळख फार काळ पॅरिस आणि जिनिव्हाच्या नावाखाली झाकली गेली होती.

हानाऊ फ्रँकफर्टच्या शेजारी आहे. वालून (आजच्या बेल्जियमच्या भागातले फ्रेंचभाषक) आणि डच अशा कॅल्विनपंथी प्रोटेस्टंट निर्वासितांसाठी तिथे १५९७ मध्ये नवं शहर वसवलं गेलं. पुढे फ्रान्समधून ह्यूगनॉट, म्हणजे तिथले प्रोटेस्टंटही आले, तेही हातातली कला घेऊनच. त्यामुळे तिथल्या सोनारांची नावं तूसाँ बंधू, सूशे बंधू अशी फ्रेंच, आणि घडणही पॅरिसच्या वळणाची. १७७२ मध्ये तिथे कारागिरांसाठी चित्रकलेची अकादमी निघाली. ती आजही चालू आहे.

गोंधळ होतो तो ठशांमुळे. पॅरिसमध्ये सोनारांच्या संघाच्या ठशातलं मुकुटाखालचं अक्षर दरवर्षी बदलायचं, आणि कारागिराच्या ठशात आद्याक्षरांसोबत लिलीचं फूल असायचं. हानाऊवाल्यांनी मुकुट आणि अक्षर उचललं, पण ती शिस्त त्यामागे नव्हती. म्हणून पॅरिसच्या अक्षर-साल तक्त्यावरून तुमच्या डबीचं साल काढू नका, हमखास चुकेल. एकोणिसाव्या शतकातही हानाऊत जुन्या धाटणीच्या तपकिरीच्या डब्या घडत होत्या, हेही लक्षात ठेवा.

आता मिना पाहा. सोन्यावर आधी यंत्राने बारीक लहरी कोरायच्या, त्यावर पारदर्शक काचेची पूड पसरायची आणि साधारण ८०० अंशांच्या भट्टीत वितळवायची. असे अनेक थर. डबी तिरकी धरली की निळ्याखालून लहरी सरकताना दिसतात, ते काम खरोखर बघत राहावं असं असतं. इतक्या उष्णतेत डाग (सोन्याचे तुकडे जोडणारा सांधा) वितळण्याची भीती, म्हणून बऱ्याचदा मिन्याच्या पट्ट्या वेगळ्या भाजून मग चौकटीत बसवत. कोपऱ्यावर निळा रंग मंद आणि सपाट दिसत असेल, खालच्या रेषा धूसर असतील, तर तिथे नंतर रेझिन भरलं असावं. किमतीत याने मोठा फरक पडतो.

बर्लिनची शक्यता मला कमी वाटते. प्रशियाचा राजा फ्रेडरिक द ग्रेट याच्यासाठी डॅनियल बोदेसाँ याने घडवलेल्या डब्या जास्त भरघोस, नक्षीने आणि रत्नांनी भरलेल्या असतात. ड्रेस्डेनचा नॉयबर तर मुख्यतः दगडांच्या जडावात रमलेला.

डबी अल्ट्रासोनिक यंत्रात धुऊ नका, सोनाराकडे पॉलिशलाही देऊ नका. चीर असेल तर मिना सुटतो आणि ठसेही झिजतात. झाकणाच्या आतल्या कडेचे ठसे भिंगातून, उजेड बाजूने पाडून टिपा आणि फोटो मला पाठवा. कारागिराची आद्याक्षरं वाचता आली तर घराण्याचं नावही सांगता येईल.