तबकडी की कंट्रोलर?

प्रश्न : डीजेगिरी शिकतोय. जुने लोक म्हणतात, तबकडीवर हात बसल्याशिवाय डीजे होत नाही. कंट्रोलरवरचं (लॅपटॉपमधली गाणी चालवणाऱ्या यंत्रावरचं), दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवणारं ‘सिंक’ बटण म्हणजे लबाडी. काय करू?

उत्तर : कंट्रोलरच घ्या. मी तबकड्यांवरच वाढलोय, तरी हेच सांगेन. टेक्निक्सच्या एसएल-१२०० या टर्नटेबलच्या १९७९ सालच्या एमके२ मॉडेलला वेग आठ टक्के कमी-जास्त करणारी सरकपट्टी आली. ती केसभर सरकवायची, तबकडीची कड बोटाने हलकेच अडवायची आणि हेडफोनमध्ये दोन्ही गाण्यांचे ठोके एकावर एक बसेपर्यंत ऐकत राहायचं. यानं कान तयार होतो, हे खरंच. पण सिंक बंद करून कंट्रोलरवरही तेच करता येतं. स्क्रीनवर ठोके दाखवणारे गाण्यांचे तरंग तेवढे झाका!

व्हिनाइलच्या, म्हणजे तबकडीच्या, ‘उबदार’ आवाजाचं कौतुक घरी ठीक. मोठ्या स्पीकरांचा बास सुईपर्यंत पोहोचून घुमायला लागला की ती ऊब कळते.

तरीही तबकडीचा नाद सुटत नसेल, तर टाइमकोड तबकडी घ्या. तिच्यात गाणं नसतं, नुसता संकेत असतो. त्यावरून सॉफ्टवेअरला सुईची जागा आणि वेग कळतो, गाणं वाजतं लॅपटॉपमधून. सुई मात्र पुसत जा. धुळीचा पुंजका अडकला की तिथेही गाणं अडखळतंच.