पोकलेनला नवीन सेन्सर टाकला तरी ऑइल प्रेशरचा कोड पुन्हा येतो. आता कंट्रोलर बदलावा का?

इतक्यात नको. मीटर लावून दोन-चार मापं घेतल्याशिवाय कंट्रोलरवर, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरवर, पैसे घालू नका.

तुम्ही लिहिलंय की २० टनी मशीन आहे, डिस्प्लेवर एसपीएन १०० एफएमआय ४ येतो, सेन्सर बदलल्यावर दोन दिवस ठीक चाललं आणि परत तेच. यातलं 'दोन दिवस ठीक चाललं' मला सगळ्यात कामाचं वाटतं. त्याकडे नंतर येतो.

मी इंदूरला अशा मशिनांच्या वायरिंगचं काम करतो. इथे साइटवर सगळं हिंदीत, आणि फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं: "भिया, सेंसर तो नया डाल दिया!" डिस्प्लेवर सेन्सरचं नाव दिसलं की सेन्सर बदलायचा, ही सवयच झालीय. पण कोड त्या सुट्या भागाचा नसतो, सर्किटचा असतो. एसपीएन सांगतो कुठलं माप, एफएमआय सांगतो बिघाडाचा प्रकार. एसपीएन १०० म्हणजे इंजिन ऑइल प्रेशर. एफएमआय ४ म्हणजे व्होल्टेज असायला हवं त्यापेक्षा खाली गेलंय, ३ म्हणजे वर गेलंय. हे आकडे जे-१९३९ या अवजड वाहनांच्या आणि मशिनांच्या मानकातले आहेत, त्यामुळे ते मानक पाळणाऱ्या कुठल्याही मशीनवर अर्थ तोच. तेलाचा दाब खरोखर कमी असेल तर एफएमआय १ किंवा १८ यायला हवा. म्हणजे तुमचा कंट्रोलर तेलाबद्दल बोलतच नाहीये, तारेबद्दल बोलतोय. (तरी डिपस्टिक बघा आणि एकदा साधा मेकॅनिकल गेज लावून दाब तपासा. सर्किट बिघडलेलं असताना खरा दाब गेला तर कंट्रोलरला ते कळणारच नाही.)

या सेन्सरला बहुतेक मशिनांत तीन तारा असतात: ५ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. सिग्नल साधारण ०.५ ते ४.५ व्होल्टच्या मध्ये फिरतो. दोन्ही टोकांना जागा मुद्दाम मोकळी सोडलेली असते. सिग्नल ०.१ वर गेला की तो दाब असूच शकत नाही, तार कुठेतरी बॉडीला टेकलीय किंवा ५ व्होल्ट गायब आहे, एवढं कंट्रोलरला समजतं.

आता पहिली तपासणी, जिला मीटरही लागत नाही. चावी ऑन, इंजिन बंद, सेन्सरचा प्लग काढा आणि कोड बघा. बऱ्याच कंट्रोलरमध्ये सिग्नलची तार आतून रेझिस्टरने वरच्या व्होल्टेजकडे ओढलेली असते, म्हणून प्लग काढला की व्होल्टेज वर जातं आणि ४ जाऊन ३ येतो. तसं झालं तर सिग्नलची तार आणि कंट्रोलर बहुधा धड आहेत, दोष सेन्सरमध्ये किंवा त्याला मिळणाऱ्या ५ व्होल्टमध्ये. ४ तसाच राहिला तर सेन्सर बहुधा निर्दोष. काही मशिनांत हे उलट असतं, त्यामुळे तुमच्या मॉडेलचा सर्किट डायग्राम हाताशी ठेवा.

४ च राहिला तर प्लगमध्ये ५ व्होल्ट येतंय का मोजा. येत नसेल तर त्याच ५ व्होल्टच्या लाइनवरचे बाकीचे सेन्सर एकेक करून काढा. एखादा काढताच ५ व्होल्ट परत आलं तर आतून शॉर्ट झालेला तोच. ५ व्होल्ट ठीक असेल तर बॅटरी कट-ऑफ करा, सिग्नलच्या तारेची दोन्ही टोकं मोकळी करा आणि तार ते बॉडी रेझिस्टन्स मोजा. जोड दिसायलाच नको, मीटरने ओपन (ओएल) दाखवायला हवं. हे माप चालू सर्किटवर घेऊ नका.

आता ते दोन दिवस. गेल्या पावसाळ्यात इथल्या सुपर कॉरिडॉर रस्त्याच्या बाजूला एका मशीनवर हेच चाललं होतं. उभ्या मशीनवर मी तासभर मोजत बसलो, सगळं बरोबर. शेवटी ऑपरेटर म्हणाला, बकेट जोरात भरली तरच लाइट लागतो. लोड आला की इंजिन माउंटिंगवर हलतं. मग मी मीटर सिग्नलवर लावून ठेवला आणि हेल्परला हार्नेस (तारांचा जुडगा) हळूहळू हलवायला सांगितलं. ०.५ दिसत होतं, इंजिनमागच्या ब्रॅकेटपाशी हात गेला आणि ०.० झालं. आमच्या माळव्याची काळी माती तिथे वाळून दगड झाली होती. ती खरवडली तर क्लॅम्पचं रबर कधीच गळून पडलेलं, तारेचं इन्सुलेशन घासून चकचकीत, आणि तांदळाच्या दाण्याएवढं तांबं उघडं. आधीच्या मिस्त्रीने सेन्सर बदलताना हार्नेस ओढला होता, म्हणून तार थोडी सरकली आणि काही दिवस निभावलं. श्रेय मिळालं नव्या सेन्सरला.

तुमच्याकडेही तसंच असावं असा माझा अंदाज आहे. तेवढा तुकडा कापून क्रिम्प जोड द्या, वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा आणि नवा रबरी क्लॅम्प लावा. काळी टेप गुंडाळून सोडू नका, इंजिनच्या उष्णतेत ती पंधरवड्यात चिकट होऊन सुटते. माती काढायला प्रेशर वॉशरही नको, कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की दुसराच कोड सुरू.

मिस्त्रीला दोन गोष्टी नक्की सांगा. कंट्रोलरच्या तारांवर टेस्ट लॅम्प लावायचा नाही. आणि मीटरचा जाड प्रोब कनेक्टरच्या पिनमध्ये कोंबायचा नाही, पिन सैल होते आणि मग कधी येणारा, कधी न येणारा बिघाड आपणच तयार करतो.

कंट्रोलरवर संशय कधी घ्यायचा? त्या लाइनवरचे सगळे सेन्सर काढलेत, तार टोकापासून टोकापर्यंत साफ आहे, कंट्रोलरला २४ व्होल्ट आणि अर्थ नीट मिळतोय, आणि तरीही तो ५ व्होल्ट देत नाही, तेव्हा. आधी प्लग काढून कोड ३ होतो की ४ च राहतो ते बघा आणि इथे लिहा. आणि जुना सेन्सर फेकला नसेल तर ठेवून द्या, बहुतेक तो चांगलाच असेल.