इल्युमिनेशन, केऑस आणि तुमचे प्रश्न

ग्लोरँथा या काल्पनिक जगात रुनक्वेस्ट हा रोलप्लेइंग गेम खेळणारे तेच तेच विचारतायत. बरीच वर्षं त्याचा जीएम (गेममास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) आहे, म्हणून उत्तरं एकत्रच देतो.

ब्रू हे राक्षसी प्राणी केऑसचेच (विश्वाला नासवणाऱ्या शक्तीचेच) ना?
हो.

डेव्हिल खरंच मेलाय का?
वाकबॉथ, म्हणजेच हा डेव्हिल, प्रॅक्स या प्रदेशात ब्लॉक नावाच्या अजस्र दगडाखाली चिरडलेला आहे. केऑसचा वैरी देव स्टॉर्म बुल त्याच्याशी झुंजत असताना तो दगड वरून पडला. तिकडे जायचा बेत असेल तर आधी जीएमला विचारा.

मित्र म्हणतो, इल्युमिनेट झालं की माणूस केऑसचा होतो. खरंय?
नाही! कुणीतरी कुठेतरी ऐकलेलं पुढे ढकलत राहतात, नियम उघडून बघत नाहीत. इल्युमिनेशन म्हणजे नायसलॉर या देवाच्या कोड्यांतून मिळणारं ज्ञान, त्याने माणसाला एवढंच उमगतं की केऑस हासुद्धा विश्वाचाच भाग आहे, आणि त्याची भीती नि द्वेष गळून पडतो, त्याने अंगाला केऑसचा डाग लागत नाही. पण खरी काळजी पुढे आहे. कल्टचे (एखाद्या देवाच्या पंथाचे) शिक्षा करणारे स्पिरिट्स आता तुमच्या मागे लागत नाहीत, एकमेकांच्या वैरी कल्टमध्ये शिरता येतं, आणि अंगात आधीच केऑस असला तर एरवी केऑस वासाने ओळखणाऱ्या स्टॉर्म बुलवाल्यालाही (त्या देवाच्या भक्तालाही) त्याचा वास येत नाही, म्हणजे बाहेरचा लगाम गेला, आता सगळं तुमच्या मनावर. नायसलॉरचं ब्राइट एम्पायर ग्लोरँथाच्या कालगणनेत 375 ते 450 टिकलं, शत्रू त्यालाच गबाजी म्हणजे फसवा म्हणायचे, आणि त्याला मारणारा अर्काट स्वतःही इल्युमिनेटेड होता, त्यामुळे खरा गबाजी कोण हा वाद अजून मिटलेला नाही. हे असं जड प्रकरण कॅरॅक्टरवर घ्यायचं तर जीएमशी नीट बसून बोला.

एकजण कोड्यांची 'गुप्त उत्तरं' विकतोय. घेऊ का?
अजिबात नको, हा निव्वळ पैसे काढायचा धंदा आहे. पाठ केलेल्या उत्तराने काही उमगत नाही, तुमच्या टेबलावर कोडी कशी चालतात ते जीएमच सांगेल.

लूनार एम्पायरचं अजस्र वटवाघूळ, क्रिमसन बॅट, केऑसची, मग अख्खं एम्पायर वाईट?
असं सरसकट नाही म्हणता येत. त्या एम्पायरची देवी रेड गॉडेस इल्युमिनेटेड आहे, म्हणूनच ती केऑसला जवळ करू शकते. सामान्य लूनार शेतकऱ्याने मात्र ती बॅट कधी जवळून पाहिलेलीही नसते.

माझं कॅरॅक्टर गुपचूप इल्युमिनेट झालंय, बाकीच्यांना कॅम्पेनच्या शेवटी सांगितलं तर चालेल?
इतकं थांबू नका हो. माझ्या टेबलावर स्टॉर्म बुलवाला दर सेशनला केऑसचा वास घ्यायला फासे रोल करायचा, मी 'काही नाही' म्हणायचो, आणि केऑस त्याच्या शेजारच्याच कॅरॅक्टरमध्ये होता. कळल्यावर त्याने आपल्या कॅरॅक्टर शीटची घडी घातली, बॅगेत टाकली आणि एक शब्द न बोलता निघून गेला. परत आलाच नाही. गुपित कॅरॅक्टर्समध्ये ठेवा, पण असा विषय खेळायला सगळे तयार आहेत का, हे जीएमला पुढच्या सेशनच्या आधीच विचारायला लावा.