जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्डवर ८०-९० एफपीएस (दर सेकंदाला फ्रेम) मिळतात, तरी गेम स्मूथ का वाटत नाही? एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये काय बदलावं?

तुम्ही लिहिलंय की मॉनिटर ७५ हर्ट्झचा, फ्रीसिंकवाला आहे, कॅमेरा वळवला की भिंती मधोमध कापल्यासारख्या दिसतात आणि अधूनमधून गेम अडखळतो. म्हणजे तक्रारी दोन आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. यूट्यूबवरच्या 'बेस्ट सेटिंग्ज' व्हिडिओंमध्ये सगळं एकाच दमात बदलायला सांगतात, मग कशाने काय झालं तेच कळत नाही.

कापलेल्या भिंती म्हणजे टेअरिंग. ७५ हर्ट्झचा मॉनिटर साधारण दर १३.३ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो. तुमचं कार्ड फ्रेम तयार झाली की लगेच पाठवतं, मॉनिटरचं चित्र अर्धं काढून झालेलं असलं तरी. मग वरचा भाग जुन्या फ्रेमचा आणि खालचा नव्या फ्रेमचा. एफपीएस वाढवून हे जात नाही.

कंट्रोल पॅनेल उघडण्याआधी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले'त जाऊन रिफ्रेश रेट खरंच ७५ आहे का ते बघा. मॉनिटर ७५ चा असूनही विंडोजने ६० वर ठेवलेला असतो, हे फार सर्रास आढळतं.

आता फ्रीसिंक, म्हणजे कार्डाची फ्रेम येईल तसं मॉनिटरने चित्र बदलणं. ते मुळात एएमडी या दुसऱ्या कार्ड कंपनीचं, पण जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाची १० सिरीज आणि त्यापुढची कार्डंही ते चालवतात, त्यात तुमचं १६५० आलं. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत फ्रीसिंक चालू करा, मग कंट्रोल पॅनेलमध्ये 'सेट अप जी-सिंक'वर (जी-सिंक हे एनव्हिडियाचं तसंच तंत्र) जाऊन ते चालू करा. तो पर्याय दिसतच नसेल तर केबल बघा. डिस्प्लेपोर्ट लागतो, साध्या एचडीएमआयवर बहुतेक वेळा तो येत नाही. स्वस्त मॉनिटरची गोम इथेच असते: खोक्यावर फ्रीसिंक ठळक छापलेलं, आणि मागे डिस्प्लेपोर्टच नाही.

डिस्प्लेपोर्ट असेल तर 'मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज'मध्ये 'मॅक्स फ्रेम रेट' ७२ करा आणि 'व्हर्टिकल सिंक' (व्ही-सिंक, म्हणजे फ्रेम मॉनिटरच्या फेरीशी जुळवून पाठवणं) ऑन. गेममधला व्ही-सिंक मात्र बंद. ७५ च्या थोडं खाली राहिलं की मॉनिटर कार्डाच्या चालीने चालतो आणि व्ही-सिंकमुळे येणारा माउसचा जडपणाही जवळजवळ जाणवत नाही. ८५ वरून ७२ वर आलो म्हणून हळहळू नका. एकसारखे ७२ हे वरखाली होणाऱ्या ९० पेक्षा डोळ्यांना केव्हाही बरे.

डिस्प्लेपोर्ट नसेल तर व्ही-सिंक 'ॲडॅप्टिव्ह' ठेवा. साध्या व्ही-सिंकमध्ये एखादी फ्रेम १३.३ मिलिसेकंदांत झाली नाही की ती पुढच्या फेरीची वाट बघते आणि ७५ चे थेट ३७ होऊ शकतात. ॲडॅप्टिव्ह अशा वेळी स्वतःच बाजूला होतो, थोडं टेअरिंग दिसतं पण गचका बसत नाही. व्ही-सिंकच्या 'फास्ट' पर्यायाच्या वाटेला जाऊ नका, रिफ्रेश रेटच्या दुपटी-तिपटीने एफपीएस निघत असतील तरच त्याला अर्थ आहे. 'ट्रिपल बफरिंग' फक्त ओपनजीएल ही ग्राफिक्स प्रणाली वापरणाऱ्या गेमना लागू होतं, त्यामुळे डायरेक्टएक्सवर ते चालू ठेवलं काय आणि बंद ठेवलं काय.

अडखळण्याचं पहिलं संशयित म्हणजे टेक्स्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेली चित्रं. १६५० ला ४ जीबी मेमरी आहे. ती भरली की कार्ड साध्या रॅममधून डेटा ओढायला लागतं, सरासरी एफपीएस चांगले दिसतात आणि तरी मधेच झटका बसतो. टेक्स्चर 'अल्ट्रा'वरून 'मीडियम' करा, बाकी काही न बदलता खेळून बघा. नव्या जागेत पहिल्यांदा गेल्यावरच अडखळत असेल तर शेडर (प्रकाश-रंग काढणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात. 'शेडर कॅशे साइज' १० जीबी केला तर तयार शेडर पुसले न जाता टिकतात. रॅमची एकच स्टिक असेल तर दोन लावल्याने बराच फरक पडू शकतो, पण तो खर्चाचा विषय.

'प्रीफर मॅक्सिमम परफॉर्मन्स' ही पॉवर सेटिंग ग्लोबलमध्ये, म्हणजे सगळ्या प्रोग्रामना, लावू नका, फक्त त्या गेमपुरतं लावा. नाहीतर क्रोम उघडला तरी कार्ड तापत बसतं, आणि मे महिन्यात आमच्या नागपुरात खोलीला वेगळ्या हीटरची गरज नसते.

दातेरी कडांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कंट्रोल पॅनेलमधलं अँटीएलियासिंग (कडा गुळगुळीत करणं) 'ॲप्लिकेशन कंट्रोल्ड'वरच राहू द्या. बाहेरून लादलेलं अँटीएलियासिंग आजच्या बहुतेक गेममध्ये लागूच होत नाही. गेममधले त्याचेच प्रकार, टीएए किंवा एसएमएए, वापरा. ॲनिसोट्रॉपिक फिल्टरिंग मात्र बिनधास्त १६एक्स करा, दूरचे रस्ते आणि फरशा स्वच्छ दिसतात आणि कार्डावर भार फारसा येत नाही.

एवढं करूनही गचके राहिले तर आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर टाकून फ्रेमटाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख लावा, आणि गचका बसतो त्या क्षणी व्हीरॅम (कार्डाची मेमरी), तापमान आणि सीपीयू किती दाखवतंय ते इथे कमेंटमध्ये लिहा.